नुसतं ऊन लागलं होतं

शाळेच्या चाव्या माझ्याकडे होत्या. एवढी साधी गोष्ट मी दोनदा लपवली, एकदा एका डॉक्टरांपासून आणि एकदा भरल्या सभागृहापासून. म्हणून आधी तीच सांगून टाकते.

तेव्हा मी मुखेड तालुक्यातल्या एका लहान गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते. नवरा आणि मुलगी लातूरला, मी मुखेडला भाड्याच्या खोलीत. रोज स्कूटीवरून गावाला जायचं आणि संध्याकाळी परतायचं. शाळा चौथीपर्यंतची, शिक्षक दोघं. टाळेबंदी लागली तेव्हा दुसरे गुरुजी त्यांच्या गावी अडकून पडले आणि शाळेचा सगळा जिम्मा माझ्यावर आला. मे महिन्यात पुण्या-मुंबईहून माणसं गावाकडं परतायला लागली. त्यांना चौदा दिवस वेगळं ठेवायचं होतं. सरपंच, ग्रामसेवक, आशाताई आणि मी अशी गावची समिती बसली. जागा एकच होती, शाळा.

शाळेला चार खोल्या. दोन जुन्या, दगडी भिंतींच्या, वर स्लॅब. त्यातली एक ऑफिसची. दुसरीत लोकवर्गणीतून आणलेला मोठा टीव्ही, संगणक, मुलांचे तक्ते. तिला आम्ही डिजिटल वर्ग म्हणायचो. बाकीच्या दोन खोल्या नंतर बांधलेल्या, विटांच्या, वर पत्रा. मार्च लागला की पत्र्याखाली दुपारी मी स्वतः शिकवत नसे. मुलांना व्हरांड्यात बसवायची, नाहीतर आवारातल्या कडुनिंबाखाली. तरी बाहेरून येणाऱ्यांसाठी मी त्याच दोन खोल्या उघडून दिल्या.

कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, डिजिटल वर्गात शाळेची मालमत्ता आहे, काही इकडंतिकडं झालं तर उत्तर मला द्यावं लागेल. ते खोटं नव्हतं. पण शाळा सुरू झाल्यावर त्या गार खोलीत मलाच बसायचं होतं, आणि तिथं आजारी माणसांनी श्वास सोडलेला मला नको होता. हे मात्र मी कुणाला सांगितलं नसतं.

परतलेले सगळेच शाळेत आले नाहीत. ज्यांना शेत होतं ते परस्पर आपापल्या आखाड्यावर, शेतातल्या खोपटात, गेले. आंब्याखाली बाज टाकून, घरून डबा मागवून त्यांनी चौदा दिवस काढले. त्यांना शाळेत चला म्हणायची हिंमत समितीत कुणालाच झाली नाही, मलाही नाही. शाळेत आलं ते एकच कुटुंब, बुद्धविहारापाठीमागच्या वस्तीतलं. नवरा-बायको, त्यांची लहान पोरगी आणि नवऱ्याची आई. पुण्याला बांधकामावर होते. निम्मी वाट चालत, निम्मी ट्रकमध्ये बसून आलेले. त्यांना शेत नव्हतं. आई साठीच्या आसपासची, बारीक चणीची, खुरपणीच्या कामात गावात तिचा हात कुणी धरू शकत नसे असं लोक सांगत.

त्या घरची सून माझ्याशी बोलायची. मी फाटकाबाहेर, तोंडाला स्कार्फ गुंडाळून, ती आत व्हरांड्याच्या पायरीवर. मी तिला सरळ अगं-तुगं करायचे. सरपंचांच्या बायकोला 'काकू' म्हणणारी मी, माझ्याच वयाच्या ह्या बाईला 'ए, पाणी भरून घेतलंस का' असं विचारायचे. ती मला 'बाई' आणि 'तुमी' म्हणायची.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बाई, पत्र्याखाली लई उकडून राहिलंय. दुपारी लाईट जाती, पंखा बंद. ती दगडाची खोली उघडता का? आमी काय बी हात लावत न्हाई."

"ती नाही उघडता येत. वरून परवानगी लागते."

कसली परवानगी, कुणाची, मलाच ठाऊक नव्हतं. तिनं थोडा विचार केला.

"मग झाडाखाली तरी बसू द्या दुपारचं. मायला सोसत न्हाई."

कडुनिंब आवाराच्या कडेला होता. भिंतीपलीकडं हातपंप. पाण्याला येणाऱ्या बायकांनी आधीच सरपंचांकडं तक्रार केली होती की शाळेतली माणसं झाडाखाली बसली तर वारा इकडंच येतो. सरपंचांनी मला फोन केला, "बाई, तुमी सांगा त्यांना. तुमचं ऐकतील." आणि मी सांगितलं. झाडाखाली बसू नका, गावात भांडणं नकोत, थोडेच दिवस राहिलेत. सुनेनं मान हलवली. मी फाटकाला कुलूप लावलं, हाताला सॅनिटायझर लावलं आणि स्कूटी काढली.

ह्याच दिवसांत मी दुसरंही काही करत होते, आणि ते आठवलं की आजही मला तोंड लपवावंसं वाटतं. मुखेडच्या खोलीच्या गच्चीवरून सकाळी डोंगराची रांग स्वच्छ दिसायला लागली होती. रस्त्यावर गाडी नाही, धूळ नाही, पाखरांचा आवाज वाढलेला. मी त्याचे फोटो काढून शिक्षकांच्या ग्रुपवर टाकायचे. खाली ओळी लिहायचे, की माणूस थांबला आणि पृथ्वीला श्वास घेता आला. लोक हात जोडल्याची चित्रं पाठवायचे. एका ऑनलाईन निबंध स्पर्धेत मी ह्याच विषयावर लिहिलं. महामारीनं माणसाला निसर्गापुढं नम्र व्हायला शिकवलं, आता माणूस बदलेल, असा एकूण सूर. दुसरा नंबर आला. प्रमाणपत्र फोनवर आलं तेव्हा मी फ्रिजमधलं पाणी पीत बसले होते.

नवव्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला म्हातारीच्या मुलाचा फोन आला.

"बाई, माय बोलून न्हाई राहिली. आंग निस्तं तापलंय. डोळे फिरवून राहिली."

माझा पहिला प्रश्न होता, "खोकला आहे का?"

"न्हाई, खोकला न्हाई. वकली दोनदा."

"हात लावू नका तिला. पोरीला दुसऱ्या खोलीत न्या. मी गाडी बोलावते."

गाडी बोलावताना मी सांगितलं, कोरोनाचा संशयित रुग्ण. त्यासाठी वेगळी गाडी होती आणि ती दुसऱ्या गावाला गेलेली होती. सरपंचांची जीप त्यांच्या दारात उभी होती. पण संशयित म्हटल्यावर ते तरी कसे देणार? मी नुसतं 'ऊन लागलंय' म्हटलं असतं तर कदाचित दिली असती. ते माझ्या मनातही आलं नाही. बाहेर मे महिना पेटलेला, मी त्या पत्र्याची भट्टी जाणणारी, आणि तरी माझ्या डोक्यात एकच आजार होता. गाडी यायला पाच वाजून गेले.

मधल्या वेळात मी मुखेडहून गावात आले. फाटकाबाहेर थांबले. व्हरांड्यात म्हातारीला निजवलं होतं आणि सून माठातलं पाणी तिच्या डोक्यावर, छातीवर ओतत होती, पदर भिजवून वारा घालत होती. मी बाहेरून ओरडले, "हात लावू नको म्हटलं होतं ना!" तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही. माठ संपला तसं तिनं नवऱ्याला हातपंपावर पाठवलं. भिंतीवरून उडी मारून गेला तो. पंपावरच्या बायका कळशा तिथंच टाकून पळाल्या. नंतर डॉक्टर म्हणाले, त्या पाण्यानंच म्हातारी वाचली.

रात्री आठच्या सुमाराला तालुक्याच्या दवाखान्यातून फोन आला. तरुण डॉक्टर होते, थकलेला आवाज.

"मॅडम, पेशंट तुमच्या शाळेत होत्या ना? स्वॅब घेतलाय, रिपोर्ट यायचाय. पण मला हा उष्माघात वाटतोय. कुठं ठेवलं होतं त्यांना? पत्र्याची खोली आहे का?"

"पत्रा आहे," मी म्हटलं. "पण सावली आहे सर. आवारात मोठं झाड आहे. दुपारी ते लोक झाडाखालीच बसतात."

"झाडाखाली?"

"हो. रोज."

डॉक्टर म्हणाले, "ठीक आहे." दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या नोंदवहीत लिहिलं, 'खोल्या हवेशीर. पिण्याचे पाणी व सावलीची सोय उपलब्ध.' आणि सही केली.

दोन दिवसांनी रिपोर्ट आला. कोरोना नव्हता. गावाच्या जिवात जीव आला. सरपंचांनी मला मुद्दाम फोन करून सांगितलं, "सुटलो बाई! काय न्हाई निघालं. नुसतं ऊन लागलं व्हतं."

"हो ना," मी म्हटलं, "नुसतं ऊन लागलं होतं." मी हसले होते त्या वेळी, चांगलं आठवतं.

म्हातारी पंधरा दिवसांनी घरी आली. पण ती पुन्हा रोजानं गेली नाही. उन्हात पाच मिनिटं उभी राहिली की तिला गरगरायचं, बोलताना शब्द अडकायचे. हे मला आशाताईकडून कळलं. मी भेटायला गेले नाही. आधी साथीचं कारण होतं. मग शाळा सुरू झाल्या आणि वस्ती शाळेपासून हाकेच्या अंतरावर होती, तरी गेले नाही. वर्षभरानं माझी लातूर जिल्ह्यात बदली झाली. इतकी वर्षं जिची वाट पाहिली ती बदली. निरोपसमारंभाला गावातली बरीच माणसं आली होती. वस्तीतलं कोण आलं, कोण नाही, हे मी पाहिलं नाही.

लातूरला मी पुन्हा घरात राहायला लागले. मुलगी उंच झाली होती. उन्हाळे मात्र आणखी कडक होत गेले. नळाला पाणी कधी येईल ह्याचा हिशोब घरातल्या प्रत्येकाच्या तोंडावर. एका एप्रिलमध्ये आम्ही झोपायच्या खोलीला एसी बसवला. त्याच महिन्यात माझ्या जुन्या मैत्रिणीचा फोन आला. आम्ही डीएडला एका बाकावर होतो. ती पुढं शिकत गेली आणि नांदेडच्या एका कॉलेजात प्राध्यापक झाली.

"तुझ्यासाठी एक काम आहे," ती म्हणाली. "आम्ही लोकांची मतं गोळा करतोय. कोरोनानंतर हवामानबदलाकडं बघण्याची लोकांची नजर बदलली का, असा विषय आहे. मुखेड भागात तुझी ओळख आहे. तीस फॉर्म भरून आणशील? तू तर ह्या विषयावर बक्षीस घेतलंयस."

बक्षिसाची आठवण काढल्यावर नाही म्हणवेना. मी हो म्हटलं.

मेच्या सुरुवातीला एसटीनं मुखेडला गेले, तिथून गावात. वरच्या गल्लीत माझं छान स्वागत झालं. चहा, सरबत, 'बाई, तुमी गेल्या अन् शाळेची रयाच गेली.' फॉर्म सोपा होता. कोरोनानंतर तुम्हाला हवामानबदलाची काळजी जास्त वाटते का? खूप, थोडी, पूर्वीइतकीच, कमी, अजिबात नाही. टाळेबंदीत निसर्ग सुधारला असं वाटतं का? सवयी बदलायला तयार आहात का? शेवटी दोन मोकळ्या ओळी, 'इतर मत'.

एक मोठे शेतकरी कूलरसमोर बसून म्हणाले, "कोरोनानं डोळे उघडले बगा बाई. निसर्गाच्या वाटंला जाऊ नये मानसानं."

"म्हणजे खूप काळजी वाटते, असं लिहू?"

"लिवा की. तुमी म्हनता तसं."

त्यांच्या बांधावरची बाभळीची जुनी रांग मला ह्या वेळी गावात येताना दिसली नव्हती. मी विचारलं नाही. सगळ्यांनी साधारण असंच सांगितलं, किंवा मी सांगायला लावलं. चोवीस फॉर्म दुपारी बारापर्यंत भरून झाले. मैत्रिणीनं बजावलं होतं की सगळ्या वस्त्यांमधले लोक हवेत. सहा राहिले होते.

मी शाळेत गेले. सुट्ट्या होत्या, फाटक उघडंच होतं. व्हरांड्यात बसले. वस्तीतल्या माणसांची नावं मला पाठ होती, कधीकाळी मीच त्यांच्या मुलांना शाळेत दाखल करून घेतलं होतं. पिशवीतून पेन काढलं आणि एकापाठोपाठ एक सहा फॉर्म मी स्वतःच भरले. वय अंदाजे. खूप. खूप. थोडी. सगळंच 'खूप' लिहिलं तर संशय येईल म्हणून मधून मधून 'थोडी'. एका फॉर्मवर म्हातारीच्या मुलाचं नाव होतं.

शेवटच्या फॉर्मवर होते तेव्हा फाटकातून आवाज आला.

"बाई, आल्या म्हून कळालं. आमचं न्हाई का लिवून घेत?"

सून होती. डोक्यावर पदर, हातात रिकामी घागर. मी कागद घाईघाईनं पिशवीत कोंबले.

"येणारच होते गं तुमच्याकडं," मी म्हटलं.

"मग चला की. हितं कशाला बसलाव उन्हाचं."

मी तिच्यामागून गेले. घर बरं होतं, घरकुलातून बांधलेलं. म्हातारी दारामागं अंधाऱ्या कोपऱ्यात गोधडीवर बसली होती. मला बघून ती उठायला लागली. मी म्हटलं, "बसा मावशी, बसा." तिनं हात जोडले. मला तिच्याकडं बघवेना, म्हणून मी जास्तीचा कोरा फॉर्म काढला आणि सुनेला पहिला प्रश्न वाचून दाखवला.

"हवामानबदल म्हंजी ऊन-पाऊस, त्येच ना?" तिनं विचारलं.

"हो, तेच. कोरोनानंतर त्याची काळजी वाढली का?"

"काळजी तर कोरोनाच्या आदीबी व्हतीच की. रोजानं जानाऱ्याला ऊन सांगावं लागतंय का?"

"म्हणजे पूर्वीइतकीच?"

तिनं घागर पालथी घालून तिच्यावर कोपर टेकवलं.

"कोरोनात एक कळालं बगा. मनावर घेतलं तर समदं थांबवता येतंय. गाड्या थांबल्या, लग्नं थांबली, शाळा थांबली, देऊळबी बंद झालं. आमी कदी बगितलं नव्हतं असं. म्या ह्यांना म्हनलं, आता उन्हासाठीबी थांबवतील. मे महिन्यात दुपारचं काम बंद म्हून दवंडी देतील. इतकं केलं त्यांनी, तेवढं कामून करनार न्हाईत? पर न्हाई."

"का नाही केलं, असं वाटतं तुला?"

"कोरोना तुमालाबी झाला असता. म्हून थांबवलं. ऊन आमालाच लागतंय."

रागानं नाही बोलली. आज बाजार कुठं भरलाय हे सांगावं तशा आवाजात बोलली. मग माझ्या फॉर्मकडं बघून म्हणाली, "हे कुठल्या चौकटीत बसतंय?"

मी म्हटलं, शेवटच्या ओळींत लिहिते. आणि लिहिलं, शब्दाला शब्द. त्या बाईनं मला जाताना ताक प्यायला दिलं आणि मी ते प्याले.

नांदेडला मी फॉर्म दिले तेव्हा ते एकतीस होते, सहा खोटे धरून. मैत्रिणीनं सुनेचं उत्तर वाचलं आणि म्हणाली, "अगं, हे जबरदस्त आहे!" ऑगस्टमध्ये तिच्या कॉलेजात अहवाल मांडायचा कार्यक्रम ठेवला होता. तिनं मला आग्रहानं बोलावलं. सभागृह गार होतं, भरलेलं होतं. पडद्यावर निष्कर्ष आला की महामारीनंतर लोकांत हवामानाबद्दल जागरूकता वाढलेली दिसते. त्यानंतर मोठ्या अक्षरांत सुनेचं वाक्य, 'ऊन आमालाच लागतंय', आणि खाली 'एक ग्रामीण महिला'.

"हे उत्तर ज्यांनी मिळवलं त्या शिक्षिका आपल्यात आहेत," मैत्रीण म्हणाली. "त्यांनीच ह्यामागची हकिगत सांगावी."

मी उभी राहिले. तेव्हा तरी सांगायचं माझ्या मनात होतं, हे मी शपथेवर सांगेन. पण माईक हातात आला आणि आयुष्यभराची सवय जागी झाली, वर्गासमोर बोलायची. मी म्हटलं, "एका गावात, एका शाळेत, एका वृद्ध महिलेला पत्र्याच्या खोलीत ठेवण्यात आलं होतं." ठेवण्यात आलं होतं. झाडाखाली बसू दिलं गेलं नाही. दगडी खोली उघडण्यात आली नाही. सगळं सांगितलं मी, माठातलं पाणी, उशिरा आलेली गाडी, आणि कुठंच 'मी' आले नाही. आवाजही योग्य जागी कातरला. संपवलं तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. पहिल्या रांगेतले एक वयस्कर प्राध्यापक डोळे पुसत जवळ आले आणि म्हणाले, "बाई, अशा संवेदनशील शिक्षकांमुळंच काहीतरी आशा आहे."

मी 'धन्यवाद सर' म्हटलं. शाल घेतली, जेवले नाही, आणि रिक्षानं बसस्टँडला आले.

लातूरची गाडी लागायला वेळ होता. फलाटावर बसले. सुनेचा नंबर फॉर्मवर लिहिताना मी तो माझ्या फोनमध्येही घेतला होता. लावला. तिनं उचलला तेव्हा मागं भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

"मी बाई बोलतेय. शाळेतली."

"बोला की बाई."

"तुम्हाला एक सांगायचं होतं." मी पहिल्यांदाच तिला तुम्ही म्हणत होते. "त्या वेळी, मावशीला दवाखान्यात नेलं तेव्हा, मी डॉक्टरांना खोटं सांगितलं. तुम्ही झाडाखाली बसत होता, असं."

पलीकडं भाकरीचा आवाज थांबला.

"म्हाईत हाय की," ती म्हणाली. "मायसंगं दवाखान्यात म्याच व्हते. डाक्टरनं माझ्याम्होरंच फोन लावला व्हता. मोठा आवाज करून. समदं ऐकलं म्या."

हे ठाऊक असूनही ती मला बाई म्हणत आली होती, तिनं मला ताक दिलं होतं.

"मग तुम्ही त्यांना खरं का नाही सांगितलं?"

"कसं सांगनार? पोरगी तुमच्याच शाळंत यायची व्हती."

मी रडायला लागले असते तर बरं झालं असतं. रडूही आलं नाही. मी म्हटलं, "माझं चुकलं. खोली माझ्या हातात होती. मी उघडली नाही."

"हाव," ती म्हणाली.

एवढंच. माफ केलं नाही, भांडलीही नाही. पुढं म्हणाली, "आता हे मला सांगून काय करायचं बाई? पोरगी दुसरीत हाय. अजून पत्र्याखालीच बसती. नव्या गुरुजीला सांगून पायलं, ते म्हनतात वरून परवानगी लागती." मग, "थांबा, माय इचारून राहिली कोन हाय म्हून. बोला तिच्याशी."

म्हातारी आली. शब्द शोधत, एकेक उचलून ठेवल्यासारखी बोलली.

"बाई... लेकरू बरं हाय का?"

"बरं आहे मावशी."

"ऊन... लई हाय. भायेर... फिरू नका."

ऑगस्ट महिना होता, पण पावसानं दडी मारली होती आणि खरंच ऊन होतं. मी 'हो' म्हटलं.

त्या रात्री लातूरला पोचल्यावर मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, तेव्हा सगळेच घाबरलेले होते, तू एकटीच कशाला मनाला लावून घेतेस. घाबरलेले सगळे होते हे खरं. पण घाबरून एक जण माणसाला पाणी घालत होती आणि एक जण फाटकाबाहेरून ओरडत होती. एसी चालू होता आणि मला बंद करावासा वाटला, पण मुलीची परीक्षा होती, नाही केला.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला फोन करून सांगितलं. ते सहा फॉर्म मी बसून भरले, आणि ती शाळा माझीच होती, चाव्या माझ्याकडे होत्या.

"काल सांगायचं होतंस," ती म्हणाली. मग प्राध्यापकाच्या आवाजात, "फॉर्म काढून टाकते. सहा फॉर्मनं एकूण चित्र बदलत नाही."

बाकीचे चोवीस कसे भरले तेही मी सांगितलं. 'खूप लिहू का?' असं विचारून. तिनं सुस्कारा टाकला. "सगळीकडं थोडंफार असंच होतं गं. आता ते काढत बसले तर उरणार काय?"

अहवाल छापून आला. त्यात सहा फॉर्म नव्हते आणि निष्कर्ष तोच होता. सुनेचं वाक्य पहिल्या पानावर घेतलं होतं. मैत्रिणीनं मला प्रत पाठवली, सोबत चिठ्ठी नव्हती. आमचं बोलणं त्यानंतर कमी झालं.

पत्र्याच्या खोल्यांसाठी मी गटशिक्षण कार्यालयाला अर्ज लिहिला. उत्तर आलं की ती शाळा आता माझ्याकडे नाही, मागणी संबंधित मुख्याध्यापकांमार्फत यावी. नव्या गुरुजींना फोन केला. ते नम्रपणे म्हणाले, "बघतो मॅडम." समोर जाऊन बसल्याशिवाय ते होणार नाही, हे मला शिक्षक म्हणून कळतं. मुखेड लांब नाही. सकाळच्या गाडीनं गेलं तर संध्याकाळी परत येता येतं. ह्या उन्हाळ्याच्या सुट्टीत जायचं ठरवलं होतं. सुट्टी लागून तीन आठवडे झाले. अजून गेले नाही.